अक्कांचे तीन खिळे

अक्कांचा मला राग येतो. इतकी वर्षं झाली, बंगलोर सोडून मी पुण्याला परत आले, अक्का गेल्या त्यालाही बराच काळ लोटला, तरी येतो. संध्याकाळी भांडी लावताना त्यांची ती सही एकदम डोळ्यांपुढे उभी राहते आणि हातातलं पातेलं जरा जोरातच फडताळात जातं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. अक्कांना हे कुणी ऐकवलं असतं तर त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं असतं, "कोण सांगितलं?"

हा त्यांचा मंत्र. आमच्याकडे 'कोणी सांगितलं' म्हणतात. पण अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं, त्यांच्या मराठीला कन्नडची फोडणी पुरेपूर बसली होती. पहिल्या आठवड्यात माझ्या पुणेरी कानांना ते खटकलं. पुढे खटकायला उसंतच मिळाली नाही, कारण अक्का हा प्रश्न दिवसभर, सगळ्यांना आणि सगळ्याबद्दल विचारत. भाजीवाली म्हणाली, हे नाटी टोमॅटो, म्हणजे गावठी, की अक्का तिथंच उभ्या: "नाटी म्हणून कोण सांगितलं? झाड बघितलंस?" स्टाफरूममध्ये लग्नाची पत्रिका आली की त्या 'शुभमुहूर्त' या शब्दावर बोट ठेवत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका बस कंडक्टरला, ही बस आनेकलला जाते हे त्याला कोण सांगितलं, असं विचारलं होतं. मागे अख्खी रांग खोळंबलेली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

नव्वदीच्या शेवटाशेवटाला नवऱ्याला बंगलोरच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि मी इंदिरानगरातल्या एका खाजगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागले. विभागात आम्ही दोघीच. त्या मुख्य, मी हाताखाली. सगळं कॉलेज त्यांना अक्काच म्हणे, प्रिन्सिपॉलसुद्धा. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, अंगानं काटकुळी बाई. इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. बूट का घालता, याची स्टाफरूममध्ये तीन निरनिराळी उत्तरं मिळत. मी तिन्ही त्यांना ऐकवली. तिन्हींवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो सांगायला नकोच.

कॉलेजच्या ग्रंथालयात मानसशास्त्राचं एक कपाट होतं. त्यातल्या पुस्तकांची सगळी कामाची प्रकरणं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेली. त्यामुळे मागच्या रस्त्याला सायबर कॅफे उघडला तेव्हा आमच्या मुलांना स्वर्ग दोन बोटं उरला. निबंध असो, प्रकल्प असो, मुलं तिकडे धावायची आणि लांबलचक प्रिंट घेऊन यायची. तो कागद आठवतो का? दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला, पानाला पान जोडलेला. मुलं ती पट्टी मुद्दाम फाडायची नाहीत. भोकं दिसली की हे कॉम्प्युटरमधून आलंय हे लांबूनच कळायचं, आणि परीक्षकांचा हात मार्कांना सैल सुटायचा. मजकूर कोण वाचतो?

अक्का वाचत. पण आधी त्या पट्टी फाडत. दोन्ही बाजूंची, सावकाश, एकही भोक न तुटता. मग ती पट्टी मुलाच्या हातात देऊन म्हणत, "ही कागदवाल्याची. उरलेलं कोणाचं?"

"इंटरनेटवरून घेतलंय, अक्का."

"इंटरनेट म्हणजे कोण रे? कुठं राहतो तो? त्याला कोण सांगितलं?"

वर्ग हसायचा. अक्का हसत नसत.

त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीत त्यांनी तीन खिळे ठोकून घेतले होते. मुलांनी आणलेला प्रत्येक प्रिंट वाचून झाला की तो कुठल्यातरी खिळ्याला टोचला जायचा. पहिला खिळा 'सांगणारा दिसतोय' याचा. लिहिणाऱ्याचं नाव आहे, तो काय करतो ते आहे, कुणाकुणाला विचारून लिहिलं ते आहे. दुसरा 'सांगणारा लपलाय' याचा. तिसरा 'सांगणारा विकतोय' याचा. पहिल्या खिळ्यावर महिनोन्‌महिने दोन-चार कागद फडफडायचे. तिसरा ओझ्यानं वाकला होता. आवडत्या रंगावरून स्वभाव ओळखा, झोपेत अभ्यास करा, सहीच्या वळणावरून खुनी शोधा, आणि सगळ्यांच्या तळाशी काही ना काही विकत घ्या.

आणि शनिवारच्या दुपारी अक्का मला त्या सायबर कॅफेत ओढून न्यायच्या. यावरही मी तेव्हा चिडायची. माझं नवं लग्न, नवं गाव, शनिवार अर्धा दिवस मोकळा, आणि मी त्या कोंदट खोलीत अक्कांच्या शेजारी. माउसला त्या हात लावत नसत. मांडीवर छत्री आडवी धरून बसत आणि छत्रीच्या टोकानं पडद्यावर दाखवत, कॅफेवाल्याचा जीव खालीवर. एक पान उघडेपर्यंत समोरच्या दर्शिनीतून, म्हणजे तिकडच्या उभ्यानं खायच्या हॉटेलातून, आणलेली कॉफी पिऊन व्हायची. पान उघडलं की मी वाचायला लागायची आणि त्या छत्री नाचवत ओरडायच्या, "वरचं नंतर बघ. खाली चल. अजून खाली. माणूस आपलं नाव तळाला लिहितो. आधी हा कोण ते बघू, मग काय म्हणतोय ते बघू."

"अक्का, पण मजकूर चांगला असला तर?"

"चांगला म्हणून तुला कोण सांगितलं, पुणेकर?"

मला त्या पुणेकरच म्हणत. पानाच्या तळाला नाव असलं तर पुढची पायरी. त्या मला ई-मेल सांगत आणि मी टंकत असे. महोदय, आपल्या पानावर अमुक म्हटलं आहे. हे आपणास कसं कळलं? आपण किती माणसांना विचारलंत, ती माणसं कुठली, गरीब का श्रीमंत, बायका का पुरुष? उत्तराची वाट पाहते, आपली विश्वासू. बहुतेक ठिकाणांहून काही यायचं नाही. पण एकदा कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्या संशोधकाचं लांबलचक उत्तर आलं. त्यानं कुणाला विचारलं, कसं विचारलं, कुठं फसलं, सगळं लिहिलं होतं. शेवटी म्हटलं होतं, तुमच्या प्रश्नामुळे माझ्या पानावरची एक चूक मला दिसली, ती मी दुरुस्त करतोय. अक्कांनी त्या कागदाला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. पहिल्या खिळ्यावर सर्वांत पुढे तो लागला. "चूक झाली म्हणतो बघ हा," त्या प्रत्येक वर्गाला दाखवून सांगत, "हा भरवशाचा. कधीच चुकत नाही म्हणणाऱ्याला दारात उभा करू नका."

अशी भरवशाची पानं शोधून आम्ही ती फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवायला लागलो. मुलं वैतागली होती. शेजारच्या कॉलेजातली पोरं तासाभरात प्रकल्प छापून मोकळी होत आणि आमची एका निबंधाला तीन आठवडे घासत. मुलांची बाजू घेऊन मी भांडायला गेले. म्हटलं, "अक्का, अशानं मुलं नापास होतील."

"होऊ दे की. खोटं शिकून पास होण्यापेक्षा स्वल्प नापास बरं."

थोडंसं नापास कसं होतात, हे मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण पुढे लागणार आहे. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले तर आतून कडाक्याच्या भांडणाचा आवाज. "तुम्ही म्हणाला म्हणून झालं काय? मला पटलं नाही!" मी दारात थबकले. अक्कांनी दार उघडलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. वडील जाऊन उणीपुरी वीस वर्षं झालेली. "बाबांशी बोलत होते," त्या सहज म्हणाल्या, "ये, कॉफी घे." मी कॉफी घेतली. आपल्याकडे कुणाच्या घरी असं बोलणं होत नाही?

आता सरोजा.

सरोजा शहराबाहेरच्या आनेकलहून रोज बसनं यायची. घरी मराठीच, अक्कांसारखं, तिकडचं. वडील बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला. घराण्यातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी, आणि तीही कशी, तर आत्येभावाशी लग्न ठरवून ठेवलेलं, पण 'पदवी होऊ दे' असा बापाचा शब्द होता म्हणून. शेवटचं वर्ष होतं. मान खाली घालून बसायची, पण फळ्यावरच्या भरवशाच्या पानांवर तिच्याइतकं कुणी वाचत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या प्रिन्सिपॉलना आधुनिक व्हायची लहर आली. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि कुठल्याशा कॉलेजात विद्यार्थ्यांची मानसिक चाचणी घेतात असं त्यांच्या कानावर आलं. झालं. त्यांनी ऑफिसातल्या कुणाला तरी सांगून एक प्रश्नावली इंटरनेटवरून काढून घेतली. मानसशास्त्र विभाग त्याच इमारतीत होता, वरच्या मजल्यावर. जिना चढून विचारावंसं त्यांना वाटलं नाही. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना कागद वाटले, नावानिशी भरून घेतले, शिपायाकडून गुणांची बेरीज करून घेतली आणि व्यवस्थापनाला अहवाल पाठवला: चाचणी यशस्वी, एक केस गंभीर धोक्याच्या गटात, योग्य ती कारवाई करीत आहोत.

ती एक म्हणजे सरोजा. तिच्या वडिलांना निरोप गेला, मुलीला वर्षभर घरी न्या, डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय पाठवू नका. शनिवारी भेटायला या.

वर्षभर घरी! म्हणजे महिनाभरात मांडव. हे आनेकलमधल्या कुत्र्यामांजरांनाही कळत होतं, फक्त प्रिन्सिपॉलना कळत नव्हतं.

सरोजा आमच्या खोलीत येऊन उभी राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, "अक्का, मी वेडी आहे म्हणून आलंय."

"कोण सांगितलं?" अक्कांनी विचारलं. पण आवाज नेहमीचा नव्हता.

आम्ही तिचा कागद मागवून घेतला. मी तो वाचला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्या माणसांशी बोलताना डोळ्यांत बघणं टाळता का? तिनं लिहिलं होतं, हो. आनेकलची कुठली मुलगी वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलते? तुमच्या आयुष्याचे निर्णय दुसरं कुणी घेतं का? हो. हयात नसलेल्या व्यक्तींशी बोलता का? हो, रोज. त्या तुम्हाला उत्तर देतात का? कधी कधी.

"कोणाशी बोलतीस?" अक्कांनी विचारलं.

"अज्जीशी. फोटोला फूल लावते, आणि बसला जायच्या आधी सांगून निघते. परीक्षा असली की विचारते. उजवीकडचं फूल पडलं तर होय."

फुलाचा कौल! तिकडे घराघरांत, देवळादेवळांत लावतात. आमच्या प्रिन्सिपॉलनी नव्या कॉम्प्युटरच्या खोलीचं उद्घाटन कधी करायचं हे ठरवायला आम्हा सगळ्यांना देवळात ताटकळत ठेवलं होतं, उजवीकडचं फूल पडेपर्यंत. ते शहाणे आणि ही पोरगी धोक्याच्या गटात?

अक्का मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी छत्री उचलली. "चल पुणेकर. तळ बघू."

ऑफिसच्या प्रतीवर तळ नव्हताच, कापून टाकला होता. आम्ही कॅफेत बसून त्यातलेच प्रश्न टाकून शोधत राहिलो आणि ते पान सापडलं. अक्कांनी छत्री खाली खाली नेली. तळाला मनःशांतीच्या कॅसेटींची जाहिरात होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एक नाव आणि ई-मेल. अक्कांनी तिथल्या तिथं मला मजकूर सांगितला. या वेळी महोदय नव्हतं. हे प्रश्न कुणी केले, कुणाला विचारून केले, एका मुलीचं शिक्षण यावर अडलं आहे, ताबडतोब कळवा.

उत्तर शुक्रवारी आलं. तो कॅसेटी विकणारा माणूस होता. प्रश्न त्यानं आणि त्याच्या मित्रानं बसल्या बसल्या केले होते, लोकांची करमणूक व्हावी म्हणून. कुणावर तपासलेले नव्हते. कुणी हे मनावर घेतलं याबद्दल त्याला वाईट वाटत होतं. कॅसेटींवर सध्या सवलत होती.

मला आठवतं, तो प्रिंट घेऊन मी जवळजवळ पळत कॉलेजात आले. संपलं, मला वाटलं. ज्यानं लिहिलं तोच म्हणतोय की हे खोटं आहे, आता काय उरलं?

प्रिन्सिपॉलनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत दिला. "हा माणूस खराच तो आहे कशावरून?" ते म्हणाले. "ई-मेल काय, कुणीही पाठवतं. तुम्हीच तर म्हणता ना अक्का, इंटरनेटवर विश्वास ठेवू नका? तुमच्याच भाषेत विचारतो. कोण सांगितलं?" आणि हसले.

म्हणजे बघा. त्या माणसानं गंमत म्हणून लिहिलेले प्रश्न खरे, कारण ते कॉम्प्युटरातून आले. आणि तोच माणूस 'ते खोटे आहेत' म्हणतो ते खोटं, कारण ते कॉम्प्युटरातून आलं. एवढं उलट्या खोपडीचं तर्कशास्त्र मी पुढे कधी पाहिलं नाही. मी तोंड उघडणार होते, पण अक्कांनी माझा हात दाबला.

"सरी, ठीक आहे," त्या प्रिन्सिपॉलना म्हणाल्या. "चाचणी एवढी चांगली आहे तर आम्ही शिक्षकही घेऊ या की. नाव घालायला नको. व्यवस्थापनालाही बरं दिसेल."

ही कल्पना त्यांना फारच आवडली. त्याच दुपारी स्टाफरूममध्ये कागद वाटले गेले. वाटायचं आणि गुण मोजायचं काम माझ्याकडे. अक्कांचा हिशेब मला कळला होता: सगळ्यांची उत्तरं आली की सगळेच धोक्याच्या गटात निघतील, आणि मग सरोजा एकटी राहणार नाही. मी मनातल्या मनात हसत कागद गोळा केले.

आणि मोजायला बसले तर आमच्या स्टाफरूमइतकी निरोगी माणसं पृथ्वीच्या पाठीवर नसतील. संस्कृतच्या बाई दिवा लावताना दिवंगत नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगतात, हे त्यांनी स्वतः मला सांगितलेलं. त्यांच्या अक्षरात उत्तर होतं, 'नाही, कधीच नाही.' अर्थशास्त्राचे सर बायकोला विचारल्याशिवाय चहाचा कपही बदलत नसत. ते आपले निर्णय स्वतः घेत होते. हिरव्या शाईनं आमच्या कॉलेजात एकच माणूस लिहायचा, आम्हाला देवळात ताटकळत ठेवणारा. हिरव्या शाईत लिहिलं होतं, हयात नसलेल्यांकडून किंवा देवाकडून आपण कधीही संकेत मागितलेला नाही.

सगळ्यांना कळलं होतं की कागद कशाचा आहे, आणि सगळ्यांनी शहाण्यासारखं खोटं लिहिलं होतं. अख्ख्या कॉलेजात खरं लिहिणारी एकटी सरोजा निघाली.

नाही, आणखी एक कागद होता. त्यावर नाव घालू नका म्हटलं असतानाही वर ठळक नाव होतं. हयात नसलेल्या व्यक्तींशी बोलता का? 'हो. वडिलांशी. रोज.' त्या उत्तर देतात का? 'देत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.' डोळ्यांत बघणं टाळता का? 'समोरचा खोटं बोलत असला तर टाळते, त्याला लाज वाटू नये म्हणून.' असं पानभर. गुण सरोजापेक्षा जास्त भरले.

मी तो कागद लपवायला निघाले होते. अक्कांनी माझ्या हातातून घेतला आणि स्वतः नेऊन दिला.

शनिवारी सरोजाचे वडील आले. रात्रपाळी करून तसेच आलेले, डोळे लाल, हातात डब्याची पिशवी. ऑफिसबाहेरच्या बाकावर टोकाला बसले. शेजारी सरोजा उभी, नजर फरशीवर. आत प्रिन्सिपॉल, अक्का आणि मी. प्रिन्सिपॉलच्या पुढ्यात दोन कागद होते, मुलीचा आणि अक्कांचा.

"आता तर माझी खात्रीच पटली," ते म्हणाले. "चाचणी बरोबर आहे."

मी बोलायला लागले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चढला होता आणि हिरव्या शाईचा उल्लेख झाला होता. ते मला म्हणाले, तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. मग अक्कांकडे वळून जरा खालच्या सुरात म्हणाले, "समजून घ्या. अहवाल वर गेलाय. एक केस आहे, कारवाई केली, असं मी कळवलंय. आता चाचणीच चुकीची होती असं कोणत्या तोंडानं सांगू?"

अक्कांनी टेबलावरचे दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला एक नाव पाहिजे. अष्टे? एवढंच ना?"

"तसं नव्हे—"

"तसंच. माझं घ्या. माझे गुण जास्त आहेत."

मी अक्का, अक्का म्हणत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रिन्सिपॉलनी इतक्या चटकन कागद पुढे सरकवला की मला त्यांची शिसारी आली. ते सांगत गेले आणि अक्का आपल्या फळ्यावरच्यासारख्या स्वच्छ अक्षरात लिहीत गेल्या. माझं मानसिक स्वास्थ्य ठीक नाही. चाचणीतूनही तसंच दिसून आलं आहे. वर्ष संपेपर्यंत रजा मिळावी. खाली पूर्ण नाव, पदवी, तारीख, सही. मग त्यांनी सरोजाचा कागद उचलला, त्याचे बारीक तुकडे केले, पर्समध्ये टाकले आणि बाहेर गेल्या.

"काही नाही हो," त्या सरोजाच्या वडिलांना म्हणाल्या. "कागदात चूक झाली होती. मुलगी चांगली आहे. सोमवारपासून पाठवा."

ते बिचारे उठून उभे राहिले. एकदा मुलीकडे बघितलं, एकदा ऑफिसच्या दाराकडे. घरी सोयरे बसले होते, त्यांना जाऊन सांगायचं होतं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "चूक झाली म्हणून कोण सांगितलं, अक्का?"

अक्कांना हा प्रश्न विचारलेला मी दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा विचारणारा हसला होता. या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी सांगितलं," अक्का म्हणाल्या. "मी इथं मानसशास्त्र शिकवते."

ते पुरलं. ते हात जोडून बस पकडायला गेले.

सरोजा पदवीधर झाली. त्या वर्षी ती दर शनिवारी दुपारी अक्कांच्या घरी जायची आणि त्याआधी आनेकलमधल्या आपल्या गल्लीतल्या बायकांना गाठून, गेलेल्यांशी त्या काय बोलतात ते विचारून यायची. त्यावर तिनं प्रकल्प लिहिला. अक्कांनी तो बाहेरच्या परीक्षकाच्या हाती जाईपर्यंत चार वेळा परत केला. पुढे ती शिकली, शिकवायलाही लागली. आत्येभावाशीच लग्न केलं, पण आपल्या वेळेला.

अक्का परत आल्या नाहीत. वर्ष संपलं, त्या रुजू व्हायला गेल्या, तर त्यांच्याकडे डॉक्टरांचा दाखला मागितला. मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं, अक्का, एक दाखला आणा, कोपऱ्यावरचा डॉक्टर पाच मिनिटांत देईल. तर म्हणतात कशा, "मला बरं नाही म्हणून डॉक्टर सांगितला नव्हता. मग बरी झाले म्हणून तो कसा सांगेल?" आणि बसल्या घरी. या हट्टाला काय म्हणावं? इतकी वर्षं शिकवलेली बाई, तिच्या मागे गावभर झालं की अक्कांचं डोकं फिरलं. काही लोक घरावरून जाताना आतला आवाज ऐकून मान डोलवायचे. अक्कांना ते दिसायचं. त्या पडदासुद्धा ओढायच्या नाहीत.

मी कॉलेज सोडलं त्या दिवशी ऑफिसच्या बाईंनी विभागाची फाइल माझ्यासमोर ठेवली, कशावर तरी सही हवी होती. त्यात तो अर्ज लावलेला होता. कुणी काढला नव्हता, खोडला नव्हता, त्याच्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी वर जाऊन त्या तीन खिळ्यांपुढे उभी राहिले. कागद त्यांच्या पद्धतीनं तपासायचा म्हटलं तर त्यात काही खोट नव्हती. सांगणारा दिसत होता. नाव होतं, पदवी होती, स्वतःबद्दलच सांगत होता, काही विकत नव्हता. डोळे मिटून पहिल्या खिळ्याला लावावा असा कागद. आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साफ खोटा.

आजही कुणी तो उघडला तर विश्वासच ठेवेल. अक्कांनीच आम्हाला तसं शिकवलं होतं. मग मला राग येणार नाही तर काय होणार?